दमा, अडुळसा आणि पंप: घरगुती उपायांनी खरंच फरक पडतो का?

ओसरी · ८ ऑक्टोबर, रात्री १०.१५

बरीच वर्षं इथे रोमात (नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा धाकटा सात वर्षांचा. आम्ही सांगलीजवळ राहतो, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. गेल्या वर्षीपासून त्याला खोकला लागला की सुटत नाही. दिवसा ठणठणीत असतो, अंगणात धुडगूस घालतो आणि पहाटे तीनच्या सुमारास उठून बसतो. छातीला कान लावला की आत मांजर घुरघुरल्यासारखं ऐकू येतं. ऑगस्टमध्ये एका रात्री बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली, "आई, पाणी" एवढं बोलतानासुद्धा मध्ये थांबत होता. दवाखान्यात नेलं, मशीनची वाफ दिली, तासाभरात माझ्या मांडीवर झोपला. डॉक्टरांनी दमा आहे म्हणून सांगितलं. दोन पंप दिले. एक रोज सकाळ-रात्री घ्यायचा, दुसरा धाप लागली तरच. आणि ते प्लास्टिकचं नळकांडं, स्पेसर. त्याला आमचे चिरंजीव "माझी बाटली" म्हणतात.

खरा प्रश्न घरात आहे. सासूबाईंचे वडील दम्याने गेले. शेवटची दोन वर्षं त्यांच्या उशाशी पंप असायचा. त्यामुळे पंप म्हटलं की सासूबाईंना वडिलांची खाट दिसते. "एकदा पंप लागला की माणूस त्यातून सुटत नाही, एवढ्याशा लेकराला काय सवय लावतेस" हे दिवसातून एकदा तरी होतंच. बाई प्रेमळ आहेत हो, नातवासाठी पहाटे उठून काढा करतात. आत्तापर्यंत झालेले उपाय: अडुळशाचा काढा, आल्याचा रस आणि मध, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छाती शेकणं, खोबरेलात कापूर घालून पाठीला चोळणं, तिन्हीसांजेला ओवा, वेखंड, गुग्गुळाची धुरी. केळं, दही, पेरू बंद. रात्रीचा भातही बंद.

आता माझी चूक. सप्टेंबरात त्याला बरं वाटत होतं, रोजची कटकट नको म्हणून मीच सकाळ-रात्रीचा पंप थांबवला. तीन आठवडे छान गेले. श्रेय अर्थातच काढ्याला. परवा कोजागिरीला गच्चीवर विटा मांडून दूध आटवलं, लाकडं ओली होती, धूर धूर झाला, आणि पहाटे पुन्हा तेच.

यातलं खरंच काय लागू पडतं, काय नुसतं समाधान आणि कशाने अपाय होतो? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, विचारलंय. तुमच्या घरातलं सांगा.

तिरफळ · ८ ऑक्टोबर, रात्री १०.५२

ओसरी, आमच्याकडे परसात अडुळसा होताच. पण काढा नाही, आई अंगरस काढायची. अडुळशाचं पान नुसतं वाटलं तर रस सोडत नाही, वाफवावं लागतं. गळायला आलेली पिवळट पानं केळीच्या पानात गुंडाळून चुलीतल्या राखेत ठेवायची, मग पिळायची. चमचाभर रस, त्यात मध. कडू जहर. कफ सुटायचा हे अगदी खरं, मी स्वतः घेतलाय.

दमा मात्र मला नव्हता, भावाला होता. त्यालाही तोच रस दिला. तो खोकून मोकळा व्हायचा, पण धाप तशीच राहायची. चौदा-पंधराव्या वर्षी त्याचा दमा आपोआप कमी झाला. आई अजून अडुळशाला हात जोडते.

अर्धा_कप · ८ ऑक्टोबर, रात्री ११.२०

वय वर्षं पन्नास, दमा वर्षं शेहेचाळीस. माझ्या पोटात गेलेल्या गोष्टी आठवतील तशा: खेकड्याचं कढण, मोरपिसाची राख मधातून, बिब्बा दिव्यावर धरून त्याचा थेंब दुधात, कांद्याचा रस, पिंपळी, आणि दारावर गाढवीण घेऊन येणाऱ्या माणसाकडून चमचाभर दूध. समोर पिळून, किंमत आधी वसूल. बिब्ब्याने ओठ उतला होता, त्याची खूण अजून आहे.

आजोबा स्वतः चिलमीत धोतऱ्याची वाळकी पानं ओढायचे, दम्यासाठी. गंमत म्हणजे त्यांना खरोखर आराम पडायचा. नंतर तासभर डोळे तारवटलेले, तोंडाला कोरड, आणि आजीला "ही कोण बाई" म्हणून विचारायचे. आजीला वाटायचं मुद्दाम करतात.

(हलके घ्या. पण धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नका.)

गोदाकाठ · ९ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

आम्ही नांदेडचे. आमच्याकडे दमा म्हटलं की हैदराबाद. मृग निघाला की नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर जिवंत मासा गिळायला जायचं. आधी "औषध" म्हणायचे, आता "प्रसाद" म्हणतात. पैसे घेत नाहीत. मासा मरळीचं पिल्लू, दोन-तीन इंचाचं, तिथंच विकत मिळतं. त्याच्या तोंडात पिवळा लगदा भरतात, तुमचं नाक दाबतात आणि घशात सोडतात. घशातून खाली जाताना ती शेपटी हलते ना, ते आयुष्यभर विसरत नाही माणूस. शाकाहारी लोकांना तोच लगदा गुळातून देतात. लागोपाठ तीन वर्षं घ्यायचा आणि दर वेळी पंचेचाळीस दिवस पथ्य.

मी तीनही वर्षं गेलो. पहिल्या दोन वर्षी वाटलं, जिंकलो. आता मागे वळून बघतो तर मला त्रास व्हायचा मार्च ते मे, धुळीच्या दिवसांत. पाऊस पडला, धूळ बसली की तसाही बरा असायचो. मासा गिळायचो नेमका पाऊस सुरू होताना! तिसऱ्या वर्षी पथ्याच्या जोशात पंपही सोडला. तिथं कुणी सोड म्हटलं नव्हतं, ती आमचीच अक्कल. विसाव्या दिवशी ऑक्सिजनवर होतो.

मासा वाईट म्हणत नाही मी. लाखभर माणसं श्रद्धेनं रांगेत उभी असतात, बाया लेकरं कडेवर घेऊन रात्रभर बसतात. ते बघून हसू येत नाही, पोटात तुटतं.

छातीठोक · ९ ऑक्टोबर, दुपारी २.३०

आयडीवरून कळलं असेलच, छातीचाच डॉक्टर आहे. इथे कुणाला गोळी लिहून देणार नाही, पण धागा चांगला आहे म्हणून दोन-चार गोष्टी.

दम्यात श्वासनळ्यांना दोन गोष्टी होतात. भोवतीचे स्नायू आवळतात, ती धाप. आणि आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ धरतं, ते मात्र दिसत नाही. धाप येते-जाते, सूज तिथेच असते, अगदी पोरगं अंगणात धुडगूस घालत असतानाही. गरजेचा पंप स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत. रोजचा पंप सूज उतरवतो, त्याला आठवडे लागतात. आणि बंद केल्यावर सूज परत यायलाही आठवडे लागतात. ओसरी, सप्टेंबरातले ते तीन चांगले आठवडे म्हणजे पंपाची शिल्लक होती. काढ्याने ती खर्च होताना पाहिली, एवढंच.

आता घरच्या उपायांबद्दल. अडुळसा थापा नाही. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सीन तयार झालं आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या निम्म्या बाटल्यांवर हे नाव वाचाल. पण ही औषधं कफ पातळ करणारी. आवळलेली नळी त्यांनी उघडत नाही. तिरफळ यांनी भावाचं जे लिहिलंय ते अगदी अचूक निरीक्षण आहे: कफ सुटला, धाप तशीच.

अर्धा_कप यांचे आजोबाही खोटं बोलत नव्हते. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनच्या जातीची द्रव्यं असतात, ती नळ्या खरंच सैल करतात. हा धूर ओढायची पद्धत मद्रासेतून १८०२ मध्ये इंग्लंडला गेली आणि पुढे तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या जायच्या. आज आपण नेब्युलायझरमध्ये (वाफेच्या मशीनमध्ये) घालतो ते इप्राट्रोपियम त्याच घराण्यातलं, फक्त मेंदूपर्यंत पोचणार नाही असं बदललेलं, त्यामुळे बायको ओळखू येते. पानात किती द्रव्य आहे ते झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. विष आणि औषध यांतलं अंतर चिलमीवर मोजता येत नाही.

कापूर आणि निलगिरीचं सांगायलाच हवं. त्यांनी नाकातल्या थंडाव्याच्या नसा चेतवल्या जातात, "मोकळं वाटतं". मशीनवर फुंकर मारून मोजली तर हवेचा वेग तेवढाच असतो. मला हे उपाय सगळ्यात फसवे वाटतात, कारण आराम वाटतो म्हणून माणूस घरी थांबतो.

वाकडी_वाट · ९ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

म्हणजे शेवटी पंपच घ्या. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं हे डॉक्टरसाहेब सोयीस्करपणे लिहायला विसरले की काय? सात वर्षांच्या मुलाला आयुष्यभर स्टेरॉइड. काढा प्यायल्याने कुणाची वाढ खुंटल्याचं ऐकलं नाही मी. कंपन्यांचं दुकान चालतं यावर.

छातीठोक · ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

विसरलो नाही, जागा संपली होती. स्टेरॉइड असतं, आणि हिशेब सांगतो. धाप फार वाढली की आम्ही प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतो, तेही स्टेरॉइडच. वीस मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे वीस हजार मायक्रोग्रॅम, पोटातून रक्तात, सगळ्या अंगभर. पंपाची एक साधारण मात्रा शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम, थेट नळ्यांत. (औषधं वेगवेगळी आहेत, तेव्हा हे तंतोतंत माप नाही, पण प्रमाणाचा अंदाज यावा.) रोजचा पंप नको म्हणून वर्षातून चार वेळा गोळ्या घेणारा मुलगा जास्त स्टेरॉइड खातो.

वाढीचा मुद्दाही खरा आहे. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणी उंची सरासरी सेंटिमीटरभर कमी भरली आहे. मी हे प्रत्येक आईबापाला सांगतो. रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाची वाढही खुंटतेच, ते मात्र कुणी मोजत बसत नाही. आणि "आयुष्यभर" कुणी सांगितलं? काही महिने नीट गेले की मात्रा उतरवत आणतात. ती उतरवायची डॉक्टरने, कंटाळ्याने नव्हे.

पंप झाल्यावर चूळ भरून थुंकायला लावा, तोंडात पांढरी बुरशी येत नाही.

खलबत्ता · ९ ऑक्टोबर, रात्री ९.३५

मी वैद्य. वाकडी_वाट यांनी आमची बाजू घेतली म्हणून आनंद झाला असता, पण आमची बाजू ती नाही.

चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले, त्यातला तमकश्वास म्हणजे आपला दमा. त्याबद्दल ग्रंथात शब्द आहे "याप्य". म्हणजे औषध आणि पथ्य चालू आहे तोवर ताब्यात राहणारा. नवा असेल तर साध्य होऊ शकतो, असंही तिथेच म्हटलं आहे. तेव्हा "आयुर्वेदाने दमा मुळापासून घालवतो" असा फलक लावणाऱ्याने चरक उघडलेला नाही. आणि कारणं काय दिली आहेत बघा: रज, धूम, वारा, थंड जागा, थंड पाणी. धूळ आणि धूर सगळ्यात आधी. मग दम्याच्या नातवाला तिन्हीसांजेला बंद खोलीत धुरी कोणत्या शास्त्राने द्यायची? ओसरी, तुमच्या यादीतली पहिली काढायची गोष्ट हीच. गुग्गुळ असो नाहीतर उदबत्ती, सुजलेल्या नळीला धूर तो धूर.

सितोपलादीबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. सोळा भाग खडीसाखर, आठ वंशलोचन, चार पिंपळी, दोन वेलची, एक दालचिनी. एकतीस भागांत सोळा साखर! खोकल्याला सुंदर औषध, पण मधुमेही आजोबा दिवसातून चार वेळा चाटत असतील तर हिशेब करा. ज्येष्ठमधाचंही तेच, रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं.

मला भीती अडुळशाची वाटत नाही, बिनलेबलच्या पुड्यांची वाटते. "तीन दिवसांत गुण" देणारी पुडी, कुणीतरी कुठल्यातरी गावाहून आणलेली. दहा-दहा वर्षांचा दमा तीन दिवसांत गप्प होतो, भूक वाढते, महिन्या-दोन महिन्यांत तोंड गोल गरगरीत. अशा पुड्यांत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली सापडते. त्या एकदम बंद केल्या तरी जिवाला धोका. असं काही चालू असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका.

भरली_वांगी · ९ ऑक्टोबर, रात्री १०.०२

आमच्या बाबांना धाप लागली की आई कोरी कडक कॉफी द्यायची. हेही मनाचं समाधानच का?

छातीठोक · ९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नाही, तिला शंभरापैकी वीस मार्क. कॅफीन हे थिओफायलिनचं भावंड, आणि थिओफायलिनच्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं दम्यासाठी दिल्या गेल्या. कॉफीनंतर नळ्या थोड्याशा उघडतात, परिणाम चारेक तास टिकू शकतो. म्हणून तर फुप्फुसाच्या तपासणीआधी कॉफी पिऊ नका सांगतात. पण झटक्यात कपावर अवलंबून राहण्याएवढी ताकद तिच्यात नाही. पंप शोधायला कुणी पळालं असेल तोवर घोट घ्यायला हरकत नाही.

काळी_माती · १० ऑक्टोबर, सकाळी ८.१५

एक वेगळाच मुद्दा. आमच्या वडिलांना गावात सगळे "दमेकरी" म्हणत. तीस वर्षं बिडी. साठीनंतर धाप सुरू झाली ती कधी पूर्ण गेलीच नाही, वर्षागणिक वाढत गेली. सोलापुरात नेऊन फुंकर मारायची तपासणी केली तेव्हा कळलं, हा दमा नाहीच, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार). नळ्या कायमच्या बिघडलेल्या. गावात दोन्हीला एकच शब्द, आणि पंपही सारखेच दिसतात.

ओसरी ताई, सासूबाईंचे वडील काय काम करायचे? बिडी-चिलीम होती का?

ओसरी · १० ऑक्टोबर, दुपारी १.२०

काळी_माती, तुमचा प्रतिसाद वाचून सासूबाईंनाच विचारलं. वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे, उमेदीची सगळी वर्षं. बिडीही होती, "पण जास्त नाही, दिवसाला एक बंडल." लहानपणी त्यांना कधी धाप लागल्याचं ऐकलं नाही, पन्नाशीनंतरचं सगळं.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत बसल्या बराच वेळ.

छातीठोक · १० ऑक्टोबर, दुपारी ३.५०

गेलेल्या माणसाचं निदान इथून करणं योग्य नाही. पण जाळ, बिडी, पन्नाशीनंतर सुरुवात आणि उतरता आलेख, हे सात वर्षांच्या मुलाच्या दम्यासारखं वाटत नाही, एवढं सासूबाईंना नक्की सांगा. पंपामुळे त्यांचे वडील अडकले नव्हते.

उलटा_ऋतू · १० ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०

मेलबर्नहून. इकडे २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ झालं. गवताचे परागकण ओल्या हवेत फुटून बारीक झाले आणि थेट छातीत गेले. दहा माणसं दगावली, हजारो लोक दवाखान्यांत. त्यांतल्या कितीतरी जणांना दमा आहे हेच माहीत नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. मी त्यांतलाच एक. त्या रात्री घरात आलं, मध, तुळस सगळं होतं, पंप नव्हता. शेजारच्या ग्रीक आजींनी स्वतःचा दिला.

त्यानंतर इथल्या शाळेत मुलीला शिकवतात ते मी पाठ केलं, चार-चार-चार. ताठ बसवा. निळा, म्हणजे गरजेचा पंप स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही तर पुन्हा चार, आणि अँब्युलन्स बोलवा. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा, पण कागद फ्रिजवर चिकटवलेला हवा. पहाटे तीनला काही आठवत नाही.

पाटीपेन्सिल · १० ऑक्टोबर, रात्री ८.४५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. करोनाच्या दिवसांत कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी प्रत्येक पोराच्या गळ्यात होती. पहिलीतल्या एकाने त्यातली कापराची वडी खडीसाखर समजून चघळली. थोड्या वेळात फेफरं आल्यासारखे झटके. वाचला, पण तेव्हापासून मी वर्गात कापूर येऊ देत नाही.

दुसरं म्हणजे दिवाळी जवळ आलीय. आवाजाचे फटाके नकोत म्हणून लोक लहान मुलांना नागगोळ्या देतात, "निरुपद्रवी" समजून. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या २०१६ च्या मोजणीत सूक्ष्म कणांचा सगळ्यात जास्त धूर त्या नागगोळीचाच निघाला होता. आणि पोरं तर अगदी वाकून बघतात ती.

अर्धा_कप · १० ऑक्टोबर, रात्री ९.१०

अवांतर: छेचाळीस वर्षांच्या अनुभवातून एक अजून. अंगदुखीवर हाताला लागेल ती गोळी घेऊ नका. मला अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामकांनी धाप लागते, हे कळायला दोन वेळा दवाखाना झाला. सगळ्यांना होत नाही, पण नाकात कोंब (पॉलिप) वाढणाऱ्या दमेकऱ्यांनी सांभाळावं.

आणि केळ्याचं सांगतो. चाळीस वर्षं केळं खाल्लं नाही. मग एक दिवस चिडून दोन खाल्ली. काही झालं नाही. चाळीस वर्षांची केळी कुणाकडे मागू?

छातीठोक · १० ऑक्टोबर, रात्री ९.५५

केळ्यावरून +१. खाल्ल्यावर दर वेळी ठरावीक त्रास होत असेल तर तो पदार्थ टाळा, नाहीतर वाढत्या पोराची केळी-दही तोडू नका. त्यापेक्षा त्याची गादी-उशी बघा. धुळीतले किडे दिसत नाहीत, कापसात राहतात. अभ्रे, चादरी आठवड्याला कढत पाण्यात, आणि खोलीत पाल-झुरळांचं राज्य असेल तर झुरळं आधी घालवा, त्यांची अ‍ॅलर्जी दम्यात फार आढळते.

मध एक वर्षाखालच्या बाळाला नको. त्यावरच्यांना खोकल्यासाठी खुशाल द्या, थोडा फायदा दिसतो. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ मात्र मुलांना देऊ नका, दम्याला उपयोग नाही आणि पातेलं उलटून भाजलेली मुलं दर हिवाळ्यात बघतो.

श्वासाचे व्यायाम, भ्रामरी, ओंकार जरूर करा. सूज उतरत नाही, पण धापेची भीती कमी होते आणि बऱ्याच जणांना रोजचं जगणं सोपं जातं. औषधासोबत, औषधाऐवजी नाही.

संपादक मंडळ · ११ ऑक्टोबर, सकाळी ११.००

या धाग्यावरचा एक प्रतिसाद उडवला आहे. "दमा कायमचा बरा, खात्रीशीर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा" असा मजकूर आणि फोन नंबर होता. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये दमा आहे, म्हणजे अमुक औषधाने तो बरा होतो असा दावा करून औषध विकता येत नाही. तोच आयडी मूळव्याधीच्या धाग्यावरही हीच पुडी विकत होता. धागा चालू द्या.

वाकडी_वाट · ११ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

तो आयडी माझा नव्हता, आधीच सांगून ठेवतो.

मात्रेचा हिशेब कळला. कंपन्यांबद्दलचं मत तेच आहे.

ओसरी · २ नोव्हेंबर, रात्री ९.४०

धागा वर काढतेय. रोजचा पंप परत सुरू करून साडेतीन आठवडे झाले. पहाटेचं उठणं आधी एकाआड एक झालं, गेल्या आठवड्यात एकदाच. डॉक्टरांना तीन आठवड्यांची चूक सांगितली, रागावले नाहीत, म्हणाले निम्मे लोक करतात आणि त्यांतले निम्मे सांगत नाहीत. कागद लिहून दिला, फ्रिजवर लावलाय.

धुरी बंद. त्यावरून मात्र तीन दिवस अबोला. शेवटी खलबत्ता यांचा प्रतिसाद कामी आला, "वैद्यच म्हणतात धूर नको" म्हटल्यावर गाडी हलली. डॉक्टर म्हटलं असतं तर हलली नसती. नागगोळ्या आणल्याच नाहीत, किल्ल्यावर मावळे जास्त आणले. काढा चालू आहे, आठवड्यातून दोनदा, पोरगं नाक दाबून पितं आणि मग केळं मागतं. ते मिळतं.

सासूबाई पंपाबद्दल अजून गोड बोलत नाहीत. पण सकाळी सात वाजले की "बाटली झाली का रे" असं त्याच विचारतात. काल तर त्यांनी ती बाटली घासणीने लख्ख घासली, कढत पाण्यातून काढली आणि पदराने पुसून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. हे चालतं का? नाही म्हणायचं धैर्य झालं नाही.

छातीठोक · २ नोव्हेंबर, रात्री १०.३०

कोनाडा उत्तम. घासणी नको, ओरखडे पडतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्यात बुडवून हलवायचा, आणि तसाच निथळत ठेवायचा. पुसायचा नाही. कोरड्या कापडाने पुसलं की प्लास्टिकमध्ये वीज भरते आणि औषध छातीत जायच्या ऐवजी भिंतीला चिकटतं. तोंडात धरायचा भाग तेवढा वापरण्याआधी साध्या पाण्याने धुवा.

ओसरी · २ नोव्हेंबर, रात्री १०.४१

सांगते त्यांना. पदराचं कसं सांगू ते बघते.